जुन्या ठाण्यात टेकायला जागा कुठे आहे?

चरईकरीण | मंगळवार, रात्री ९.४०

माहेर नौपाड्यात, सासर चरईत आणि गेली अकरा वर्षं मुक्काम कासारवडवलीला. त्यामुळे दोन्ही ठाण्यांचं मीठ खाल्लंय असं म्हणायला हरकत नाही.

आईची बिल्डिंग १९७१ची. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. गेल्या महिन्यात रिडेव्हलपमेंटचं प्रेझेंटेशन झालं. खाली तीन मजले पार्किंग, त्यावर जिम, त्यावर घरं आणि चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर 'सीनियर सिटिझन कॉर्नर'. पडद्यावर दोन गोऱ्या आजी-आजोबा हसत कॉफी पीत होते. आईने मला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "चौदाव्या मजल्यावरून मला कोण येता-जाता हाक मारणार गं?"

सध्याच्या बिल्डिंगला जिन्याच्या तोंडाशी दोन्हीकडे शहाबादी फरशीचे ओटे आहेत. डावीकडच्याला बसून बसून मधोमध खळगा पडलाय. पाऊस थांबला की त्यात कपभर पाणी राहतं आणि संध्याकाळी पहिली येणारी बाई ते हाताने निपटून बसते. नव्या प्लॅनमध्ये ओटा नाही. आहे ती सात फुटी भिंत, गेट आणि वॉचमनची केबिन.

परवा आईला म्हटलं, चल तलावपाळीला, मासुंदा तळ्याकाठी जाऊ. धडधाकट माणूस चालला तर दहा-बारा मिनिटं. आम्हाला चाळीस लागली. आई वाटेत तीनदा टेकली. पहिल्यांदा बंद दुकानाच्या पायरीवर. दुसऱ्यांदा कुणाच्या तरी लावलेल्या स्कूटरवर, तर तो मालकच आला. तिसऱ्यांदा रसवंतीच्या खुर्चीत. तिथे नुसतं कसं बसायचं म्हणून रस घेतला. तिला डायबेटिस आहे. तो मी प्यायले, नंतर माझ्यासाठी मागवलेलाही मीच प्यायले.

तर प्रश्न असा. मेट्रो येतेय, क्लस्टर (जुन्या वस्त्यांचा एकत्र पुनर्विकास) येतोय, टॉवर येतायत, जुन्या ठाण्याचा कायापालट होणार असं रोज वाचतो. त्या कायापालटात तुम्हाला नक्की काय हवंय? घरं? करमणूक? की दर दोनशे पावलांवर टेकायला जागा?

---

टवाळ_तळ्याकाठी | रात्री ९.५२

जागा? ठाण्यात? अहो, इथे मामलेदारच्या मिसळीसमोर सुद्धा माणूस उभ्याउभ्या घाम पुसत खातो आणि वर स्वतःला नशीबवान समजतो.

---

मुक्काम_घोडबंदर | रात्री १०.०५

जुन्या ठाण्याचं रडगाणं किती दिवस गायचं? शहर वाढतं तसं त्याचं केंद्रही सरकतं. कोलशेतला २० एकरांचं सेंट्रल पार्क झालंय, मुलं तिथे पळतात, आई-बाबा चालतात, बाकं हवी तेवढी. मॉल आहेत, घाणेकर नाट्यगृह आहे. नौपाड्यातल्या गल्ल्या जुन्या झाल्या, त्यांना शांतपणे जुनं होऊ द्या.

---

चरईकरीण | रात्री १०.११

@मुक्काम_घोडबंदर, पार्क छानच आहे, मी स्वतः जाते. पण आईला तिथे न्यायचं म्हणजे रिक्षा, माजिवड्याचं ट्रॅफिक, पार्कचं तिकीट आणि परतीची रिक्षा. ती सहल झाली. मी रोजच्या संध्याकाळबद्दल बोलतेय.

---

गणूकाका_५८ | रात्री ११.३०

धागा बघून झोप उडाली. टंकाळा (टंकायचा कंटाळा) बाजूला ठेवून लिहितो.

केंद्र सरकतं हे खरं, मुक्कामराव. ठाण्याचं तर किती वेळा सरकलं! आधी सगळा कारभार खाडीकडे. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास किल्ला बांधायला घेतला, १७३७त मराठ्यांनी तो घेतला, पुढे इंग्रजांनी. आज त्याच भिंतींत सेंट्रल जेल आहे. मग १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून गाडी आली आणि गाव स्टेशनाकडे तोंड करून बसलं ते आजतागायत. १८९३ला मराठी ग्रंथ संग्रहालय. १९७८ला गडकरी रंगायतन. १९८२ला महानगरपालिका. पण या सगळ्यात एक गोष्ट होती. स्टेशन, मंडई, कोपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा, रंगायतन, टाऊन हॉल हे सगळं पायी. आमच्या लहानपणी अशोक, प्रभातला पिक्चर, सुटल्यावर तळ्याकाठी भेळ आणि घरी. रिक्षा फक्त आजारी माणसासाठी असायची.

आता तुम्ही म्हणाल काका भूतकाळात रमले. रमलो नाही. त्या काळी तळ्याच्या कठड्याजवळ वास यायचा, संध्याकाळी डास फोडून काढायचे. आता कठडा झाला, दिवे लागले, काचेचा पदपथही झाला. तिकडे पैसा लागला हे कबूल करायला हवं. प्रश्न तळ्याचा राहिलेला नाही, तळ्यापर्यंत पोचायचा आहे. स्टेशन ते तलावपाळी पाच-सात मिनिटांची वाट. त्या वाटेवर मी गेल्या आठवड्यात फूटपाथ सोडून रस्त्यावर किती वेळा उतरलो ते बोटांवर मोजलं. चौदा. बोर्ड, जाळीचं झाकण, भाजीची टोपली, स्टॉल, मोटरसायकल, झाडाचा पार, पुन्हा मोटरसायकल.

---

टवाळ_तळ्याकाठी | रात्री ११.४१

काका, पंधरावी वेळ ती, जेव्हा फूटपाथच संपतो आणि आपण त्याच्या शोधात निघतो.

---

विटांकुर | बुधवार, सकाळी ८.१५

मी आर्किटेक्ट, त्यामुळे थोडं धंद्याचं बोलते. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाला जा.

ओटा प्लॅनमध्ये का नसतो? कुणी दुष्ट नसतं, गणितच तसं पडतं. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे (२०२०) रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ १.१ एफएसआयवरच (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) थांबावं लागतं. त्यावर ना पैसे भरून मिळणारा प्रीमियमचा, ना टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क. ९ मीटर झाला की तोच प्लॉट दोनपर्यंत जातो. म्हणून नौपाडा-विष्णूनगरात एक बिल्डिंग चौदा मजली होते आणि तिच्या मागच्या ६ मीटरच्या गल्लीतली तशीच टेकू लावून उभी असते. चरईकरीणताई, तुमच्या आईची बिल्डिंग नशिबाने रुंद रस्त्यावर असणार.

आता गाड्या. नियमाने गाड्यांची जागा द्यावीच लागते. प्लॉट पाचशे-सहाशे मीटरचा. तळघर खणायचं तर शेजारची जुनी बिल्डिंग हलते आणि खर्चही वाढतो. मग गाड्या खाली, माणसं वर. रस्त्याच्या पातळीवर उरतं काय? रॅम्प, मीटर रूम, पंप रूम, गेट. आधी तिथे शिंपी होता, पिठाची गिरणी होती, डॉक्टर होते, ओटा होता. संध्याकाळी सात वाजता त्या गल्लीतून चालताना पूर्वी सहा खिडक्यांतला उजेड रस्त्यावर पडायचा, आता पार्किंगची ट्यूबलाइट. बिल्डिंगा उंच झाल्याने गाव मरत नाही. तळमजला मेला की मरतं. माझं तरी एवढंच मत आहे.

बाकं महापालिकेने टाकावीत हे ठीक. पण दर बिल्डिंगने भिंत दीड-दोन फूट मागे घेऊन पुढे ओटा दिला तर कुणाच्याही निधीची गरज नाही. आर्किटेक्टने सांगितलं तर होऊ शकतं. सांगायला आधी सोसायटीने विचारावं लागतं, आणि सोसायटी काय विचारते? कार्पेट एरिया किती वाढतोय आणि बिल्डर कॉर्पसचे पैसे किती देतोय.

---

सुमी_नौपाडा | सकाळी ८.३३

विटांकुर, वाखु (वाचनखूण) साठवली. पण भिंतीबाहेर ओटा दिला की तिथे रात्री कोण बसतं ते आम्ही बघितलंय. बाटल्या आम्ही उचलल्यात. शेवटी ओट्यावर लोखंडी खिळ्यांची पट्टी बसवली, आता कबूतरही बसत नाही.

---

किसननगरी | सकाळी ९.४८

सकाळपासून वाचतोय. राग येऊ नये म्हणून चहा पिऊन लिहितोय.

तुम्ही मंडळी ओटा आणि उजेड यावर बोलताय. मी किसन नगरात वाढलो. आमच्या बिल्डिंगच्या बाथरूममधून शेजारच्या बिल्डिंगच्या स्वयंपाकघरात हात पोचतो, अतिशयोक्ती नाही, आमच्या आया वाटी-वाटी साखर तशीच द्यायच्या. पावसाळा आला की रात्री प्लास्टर पडल्याचा आवाज आला तर आधी मुलं उचलायची आणि मग बघायचं कुठे पडलं. एप्रिल २०१३त शिळफाट्याला बांधत असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्या बातमीनंतर आमच्या चाळीत आठवडाभर कुणी नीट झोपलं नाही. क्लस्टर म्हणजे काय असं विचारणाऱ्यांनी ते आठवावं. जून २०२३त आमच्याकडे क्लस्टरचं भूमिपूजन झालं. सिडको बांधणार, ३२३ फुटांचं हक्काचं घर मिळणार. माझ्या वडिलांनी त्या दिवशी पेढे वाटले. ओटा असेल की नसेल हे त्यांनी विचारलं नाही.

मध्यवर्ती ठाणं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे राम मारुती रोड येतो. आम्ही स्टेशनपासून तुमच्याइतकेच जवळ आहोत. आमच्याकडे कुणी हेरिटेज वॉक काढत नाही.

---

चरईकरीण | सकाळी १०.२०

किसननगरी, तुमचं खरं आहे. धाग्याच्या शीर्षकात 'जुनं ठाणं' लिहिताना किसन नगर माझ्या डोक्यातही आलं नाही, हे कबूल करते. घर आधी, ओटा नंतर, यावर वाद नाही.

पण एक विचारू? ज्या गल्लीत आया साखर द्यायच्या, तिथली संध्याकाळ टॉवरमध्ये गेल्यावर कुठे होणार आहे? आराखड्यात बघितलंत का?

---

किसननगरी | सकाळी १०.५५

मैदान, शाळा, दवाखाना, सगळं कागदावर आहे. कागदावर आमची गल्लीही ९ मीटरची आहे. :)

प्रामाणिक उत्तर: माहीत नाही. आई म्हणते लिफ्टमध्ये भेटू.

---

टीजकाठची | दुपारी ३.०२ (इथे सकाळ)

मी मूळची खारकर आळीची, गेली नऊ वर्षं इंग्लंडात स्टॉकटन-ऑन-टीज या गावात. रच्याकने (बाय द वे), जगातली पहिली वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक रेल्वे १८२५ला डार्लिंग्टनच्या बाजूने इथेच आली होती. आपल्याकडची १८५३ची. म्हणजे मी एका स्टेशनातून निघून त्याच्याच थोरल्या भावाकडे राहायला आले.

धागा वाचून गंमत वाटली, कारण इथे उलटी रड आहे. इथला हाय स्ट्रीट, म्हणजे मुख्य बाजाररस्ता, इतका रुंद की त्यात अख्खा गोखले रोड आडवा टाकता येईल, बुधवारी-शनिवारी बाजार भरतो. पण दुकानं एकेक करून बंद. लोक गाडीने बाहेरच्या मोठ्या दुकानांत जातात नाहीतर ऑनलाइन मागवतात. मग कौन्सिलने काय करावं? रस्ता आणि टीज नदी यांच्या मधोमध सत्तरच्या दशकातला एक मॉल आडवा पसरला होता. त्यामुळे गावातून नदी दिसायचीच नाही. कौन्सिलने तो मॉल विकतच घेतला, २०२२त पाडायला घेतला, उरलेली दुकानं जवळच्या दुसऱ्या शॉपिंग सेंटरमध्ये हलवली आणि त्या जागी नदीपर्यंत उतरती बाग करायचं ठरवलं. शेजारी राहायला घरं, कारण रात्री गावात कुणी राहतच नाही. १९३५चं ग्लोब थिएटर वर्षानुवर्षं कुलपात होतं, ते दुरुस्त करून २०२१त उघडलं. त्याचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि त्यावरून इथेही लोक तुमच्यासारखेच करवादले.

इथे एवढा पैसा ओततात तो कशासाठी? माणसं यावीत म्हणून. ठाण्यात माणसं आहेतच, ओसंडून आहेत, मध्यरात्रीही आहेत. त्यांना नुसतं नीट उभं राहू दिलं तरी पुरे. मंगळवारी संध्याकाळी सहाला मी इथल्या हाय स्ट्रीटवर उभी असते आणि मला जांभळी नाक्याच्या गर्दीतला धक्का आठवतो. खरंच, धक्क्याची आठवण येते.

---

टवाळ_तळ्याकाठी | दुपारी ३.१०

ताई, पत्ता द्या. दोन डबे विरार फास्टचे आणि एक डोंबिवली लेडीज स्पेशल पाठवतो. गाव भरून जाईल.

---

वाशी_सेक्टर_९ | दुपारी ४.२५

नवी मुंबईकराने इथे तोंड उघडू नये हे माहीत आहे, तरी.

आमचं शहर आधी कागदावर आखलं आणि मग बांधलं. १९७०ला सिडको आली, नोड, सेक्टर, रुंद रस्ते, दर सेक्टरला बाग आणि मार्केट. चार्ल्स कोरियांसारख्या लोकांनी डोकं चालवलेलं. तरी काय झालं बघा. बेलापूरच्या सीबीडीत ऑफिसांच्या ज्या गल्ल्या आहेत, तिथे रात्री नऊला कुत्रं भुंकलं तर प्रतिध्वनी येतो. का? राहायला कुणी नाही. आणि जिथे राहतात तिथे, म्हणजे आमच्या वाशीत, सिडकोने बांधलेल्या जुन्या बिल्डिंगांचे स्लॅब पडतायत आणि रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा मी शाळेत असल्यापासून चालू आहेत. मी आता बेचाळीसचा आहे.

पण बाकं आहेत! हे मात्र मान्य करा. आमच्या सेक्टरच्या बागेत माझ्या बाबांचं ठरलेलं बाक आहे. त्यावर दुसरं कुणी बसलं तर ते समोर उभे राहून खाकरतात.

---

गणूकाका_५८ | दुपारी ४.५०

वाशीकर, या हो या. २००४ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हापासून तुम्ही घरचेच. फक्त वडापाव तुमच्याकडे मिळत नाही एवढंच.

---

सुमी_नौपाडा | दुपारी ४.५८

वडापाव म्हटलं की गजानन. ती पिवळी चटणी. विषय संपला.

---

रात्रपाळी | सायं. ५.०३

कुंजविहार. आकार बघा, मग बोला. विषय आत्ता सुरू झाला.

---

मुक्काम_घोडबंदर | सायं. ५.४०

(मधले बावीस प्रतिसाद वडापाववर आहेत, धागाकर्तीने दुर्लक्ष करावे.)

माझ्या आधीच्या प्रतिसादात थोडा बदल करतो. टीजकाठचींचं वाचून वाटलं, केंद्र सरकलं की जुन्याचं काय होतं ते तिकडे दिसतंय. आपल्याकडे रिंग मेट्रो येतेय. २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, ऑगस्ट २०२४ला केंद्राने मंजूर केली आणि ठाणे स्टेशनाशी ती जमिनीखालून जोडणार आहे. मेंटल हॉस्पिटलच्या जागेवर ठाणे-मुलुंडच्या मध्ये नवं स्टेशनही ठरलंय. ते झालं तर स्टेशन रोडचा भार उतरेल. मग रस्ता चालणाऱ्यांना परत देता येईल. म्हणजे आत्ता बाकं टाकून भांडण्यापेक्षा तोवर थांबा.

---

गणूकाका_५८ | सायं. ६.०५

थांबा? सॅटिस (स्टेशनबाहेरचा बसचा वरचा मार्ग) व्हायच्या आधीही 'थांबा' म्हणाले होते. सॅटिस झालं, बस वर गेल्या, रिक्षा खाली राहिल्या, तेवढा फरक नक्की पडला. पण खाली मोकळी झालेली जागा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने भरली. ठाण्यात जागा मोकळी ठेवायची तर त्यावर आधी आपण बसलं पाहिजे. मी अडुसष्टचा होईन आता. मेट्रो आली की मला कळवा.

---

जांभळी_नाका_किराणा | रात्री ९.१५

दुकान बंद करून लिहितोय. तिसरी पिढी आहे गल्ल्यावर.

फक्त चालणाऱ्यांचा रस्ता करा असं कुणी तरी म्हणणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. माझा माल पहाटे टेम्पोतून येतो. दिवसा हातगाडी लागते. दिवाळीच्या आठ दिवसांत जो धंदा होतो त्यावर बाकीचं वर्ष तरतं. गाडी लांब लावायची म्हटली की कल्याण-भिवंडीचं किरकोळ गिऱ्हाईक येत नाही. गावदेवी मैदानाखाली पार्किंग केलं, चांगलं झालं, पण तिथून दोन पिशव्या घेऊन चालायला वाट हवी ना? परत तुमचाच मुद्दा आला.

फेरीवाल्यांचं म्हणाल तर हायकोर्टाने २०१७ला स्टेशनपासून १५० मीटर मोकळे ठेवायला सांगितलं. महापालिकेची गाडी येते, सगळे गल्लीत शिरतात, गाडी जाते, सगळे बाहेर. ही लंगडी मी रोज बघतो. खोटं कशाला बोलू, माझ्या दुकानापुढे जी कोथिंबीरवाली मावशी बसते ती माझ्या आजोबांच्या वेळच्या बाईची सून आहे. गाडी आली की तिची टोपली माझ्या काउंटरखाली जाते. २०१४च्या कायद्यात त्यांना आखून जागा द्यायचं म्हटलंय. आखून द्या, पट्टे मारा, मलाही पट्टा मारा. माझा पण माल दोन फूट बाहेर असतो, माहीत आहे मला.

आणि टेकायचं म्हणाल तर चरईकरीणताई, आईंना घेऊन या. दुकानात स्टूल आहे. रस घ्यावा लागणार नाही.

---

टीजकाठची | रात्री ९.३०

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

---

रात्रपाळी | रात्री ११.५८

मी चोवीस वर्षांची, कॉल सेंटरला आहे. माझं ठाणं रात्री बाराला चालू होतं.

तुम्ही सगळे टेकण्याबद्दल बोलताय तेव्हा डोळ्यांसमोर आजी आहेत. आम्हालाही टेकायचं असतं हो. मित्र-मैत्रिणी भेटायचं तर कॅफे, तिथे कॉफी अडीचशेची, दीड तास झाला की वेटर येऊन विचारतो अजून काही? तलावपाळीला फुकट बसता येतं म्हणून तिथे जातो. दोघंच असलो तर काका लोक बघतात, पाचजण असलो तर दंगा करतात म्हणतात. नव्या ठाण्यात करमणूक म्हणजे पैसे मोजायची जागा. जुन्यात तळ्याचा कठडा, रंगायतनचा कट्टा, ग्रंथसंग्रहालयाची अभ्यासिका. माझी मैत्रीण सीए झाली ती घरी अभ्यासाला जागा नव्हती म्हणून अभ्यासिकेत बसून.

आणि दिवाळी पहाट! वर्षातून एकदा अख्खं तरुण ठाणं पहाटे नवे कपडे घालून रस्त्यावर असतं, चालत. तेव्हा गाड्या बंद करता येतात बरं का. त्या दिवशी जांभळी नाक्याचा धंदा बुडतो का, विचारा.

---

सुमी_नौपाडा | गुरुवार, सकाळी ७.२०

दिवाळी पहाट! पहाटे पाच वाजता खिडकीखाली डीजे लागतो, त्याला तुम्ही पहाट म्हणता? अभ्यंगस्नान करताना तांब्या थरथरतो आमच्याकडे. आमच्या सासऱ्यांना बायपास झालेली आहे. चाला, भेटा, नटा, सेल्फी काढा, माझं काही म्हणणं नाही. भिंती कशाला हलवायच्या?

---

रात्रपाळी | सकाळी ७.५५

डीजेबद्दल तुमच्याशी सहमत, काकू. आम्हालाही एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही. सनई चालेल.

---

विटांकुर | सकाळी ९.१०

सुमीताई, तुमच्या खिळ्यांच्या पट्टीवर रात्रभर विचार केला. दारुडे अंधारात आणि एकांतात बसतात. ओट्यावर दिवा असेल, समोर दुकान उघडं असेल आणि वरून कुणाची खिडकी असेल तर नाही बसत. म्हणजे ओटा एकटा देऊन उपयोग नाही, त्याच्या मागे तीन मजल्यांची पार्किंगची आंधळी भिंत असेल तर तुमचीच भीती खरी ठरेल. रस्त्याकडच्या बाजूला गाळे ठेवा, गाड्या मागे ढकला. एक-दोन गाड्या कमी बसतील. बस्स.

---

टवाळ_तळ्याकाठी | सकाळी ९.१४

"एक-दोन गाड्या कमी बसतील." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य बोलून जिवंत बाहेर आलेल्या माणसाचा सत्कार गडकरीत करू.

---

चरईकरीण | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.३०

धागा वर काढतेय. सत्काराच्या तयारीला लागा.

आज मीटिंग होती. विटांकुरने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एक साधं स्केच दिलं होतं (तिचे खूप आभार, पैसे घेतले नाहीत). समोर दोन गाळे, मध्ये प्रवेश, भिंत दोन फूट आत आणि बाहेरच्या अंगाला दहा-दहा फुटांचे दोन ओटे, वर दिवा. मी सभासद नाही, आईच्या वतीने बोलले. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, भिकारी बसतील. दुसरे म्हणाले, कुत्री बसतील. तिसरे म्हणाले, रस्ता रुंद झाला तर ते दोन फूट महापालिका घेईल. या तिसऱ्यांचा मुद्दा खरा आहे, तो विटांकुरला विचारायचाय. बिल्डरचा माणूस म्हणाला, मॅडम, दोन पार्किंग जातील. खोलीतला आवाज एकदम गेला. मला टवाळ आठवला.

मग हात वर झाले. ओट्याच्या बाजूने नऊ, विरोधात सहा.

सोळावी आई. तिने कुठल्याच बाजूने हात केला नाही. बाहेर आल्यावर मी चिडले. म्हटलं, तुझ्यासाठी भांडतेय आणि तू? ती जिन्यात थांबली. म्हणाली, "ओटा होईल गं. तीन वर्षं बाहेर राहायचं. कुलकर्णीवहिनी लेकाकडे पुण्याला, शांता बदलापूरला, मी तुझ्याकडे. परत येऊन बसणार कोण?"

मला उत्तर आलं नाही. मग आम्ही दोघी त्या खळग्याच्या ओट्यावर बसलो. कोरडा होता.

---

किसननगरी | रात्री १०.४८

चरईकरीणताई, आमच्या आईचं हेच चाललंय. भाड्याच्या घरासाठी शेजारच्या तिघींनी मिळून एकाच बिल्डिंगमध्ये खोल्या शोधायला घेतल्यात, वागळेतच. दोन मिळाल्या, तिसरी शोधतायत. आईंच्या मैत्रिणींनाही एकत्र भाड्याने बघायला सांगा. बिल्डर भाडं देणारच आहे, पुण्याला आणि बदलापूरला वेगवेगळं देण्यापेक्षा.

---

चरईकरीण | रात्री १०.५५

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळी आधी शांतामावशींना फोन.

---

विटांकुर | रात्री ११.०२

रस्तारुंदीचं बघून सांगते. रुंदीकरणाची रेषा आधी काढून घ्या, ओटा तिच्या आत बसवू. आणि जुनी शहाबादी फरशी पाडताना फोडू देऊ नका. खळग्यासकट काढून ठेवा.

---

टवाळ_तळ्याकाठी | रात्री ११.०६

अभिनंदन! आता खरा प्रश्न. त्या ओट्यावर 'अमुकतमुक यांच्या निधीतून, सौजन्याने' असं कुणाचं नाव टाकायचं? निवडणूक जवळ आली की रात्रीत कुणीतरी रंगवून जाणार, आधीच ठरवा.

---

सुमी_नौपाडा | रात्री ११.१५

आमच्या पट्टीचे खिळे काढायचा विषय मीही काढणार आहे. दिवा लावून देणार असाल तर. नाव माझं टाकलंत तरी चालेल.

---

गणूकाका_५८ | रात्री ११.२०

नावाचं नंतर बघू. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला मासुंदावर कट्टा. रंगायतनच्या बाजूला. चरईकरीण, आईंना आणा, वाटेत जांभळी नाक्याच्या दुकानात स्टूल आहेच. बाकं मिळणार नाहीत, खाली टाकायला पेपर घेऊन या.

---

रात्रपाळी | रात्री ११.२४

काका, पेपर कोण घेतं आता? मी चादर आणते. वडापाव कुंजविहारचा.

---

सुमी_नौपाडा | रात्री ११.२५

गजाननचा.